उद्या पालक आणणे

आमच्या घराचे दार उघडणारे वाक्य एकच होते : ‘शाळेत जाऊन येते.’ बाकीची वाक्ये उंबऱ्यापर्यंत पोचत आणि तिथेच बसून राहत. ‘भाजी घेऊन येते’ म्हणण्यात अर्थ नव्हता. भाजी मामंजी आणत. ‘मैत्रिणीकडे जाते’ म्हणायला गावात मैत्रीण हवी. माझ्या साऱ्या मैत्रिणी पुण्यात राहिल्या होत्या, एम.ए.च्या वर्गातल्या बाकांवर, जणू मी तेवढी उठून आले आणि त्या अजून तिथेच बसल्या आहेत. ‘ग्रंथालयात जाते’ हे लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी एकदा म्हणून पाहिले. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, जानव्याची किल्ली सोडवून माझ्यापुढे धरली आणि आपल्या कपाटाकडे बोट दाखवले. “इथं काय कमी आहे, सूनबाई?” काहीच कमी नव्हते. व्याकरणे होती, कोश होते, शुद्धलेखनाच्या नियमावल्या होत्या. कविता तेवढी नव्हती.

खोपटच्या एसटी डेपोला लागून आमची इमारत. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. सासूबाई माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या. नवरा माजिवड्याजवळच्या एका कारखान्यात होता. सकाळी सातला जाई, संध्याकाळी साडेसहाला येई. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर दुपारी घरात मी आणि मामंजी, दोघेच. डेपोत गाडी मागे घेताना कंडक्टरने पत्र्यावर मारलेल्या थापा ऐकू येत, डिझेलचा जडसर वास वाळत घातलेल्या कपड्यांत शिरे, आणि आत मामंजींच्या वर्तमानपत्राची घडी मोडल्याचा आवाज होई. त्या आवाजाचे मला इतके पाठांतर झाले होते की कोणते पान उलटले ते मी स्वयंपाकघरातून सांगू शकले असते. मामंजी वर्तमानपत्र तांबड्या शाईचे पेन हातात घेऊनच वाचत. ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली की तिच्याभोवती गोल काढत. संध्याकाळपर्यंत त्या दिवसाचा अंक गोवर आल्यासारखा दिसे.

ते वाईट नव्हते. हे मला आज लिहावे लागते आहे, आणि तेव्हाही मनाशी रोज म्हणावे लागे. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. मला ताप आला की स्वतः पेज करून देत, आणि पेजेत मीठ बेताचे असे. कल्याणच्या शाळेत जन्मभर शिकवून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, आणि शाळेबाहेर माणसे कशी राहतात याची त्यांना फारशी कल्पना नव्हती. मी काही मागितले तर ते ‘नको’ म्हणत नसत. ‘कशासाठी?’ म्हणत. त्या ‘कशासाठी’ला उत्तर देता देता माझी इच्छा इतकी लहान होऊन जाई, की शेवटी मीच ती उचलून होती तिथे ठेवून देई.

नातीला महापालिकेच्याच शाळेत घालायचे, हा त्यांचा आग्रह होता. शेजारची मुले कॉन्व्हेंटचे टाय बांधून रिक्षांत कोंबून जाऊ लागली होती. मामंजी म्हणाले, “जी शाळा मी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांसाठी चालवली, ती माझ्या नातीला चालत नाही असं कसं म्हणू?” त्यांच्या या एका तत्त्वामुळे माझ्या मुलीला ती शाळा मिळाली, आणि तिच्यामागून मला.

दुपारची शाळा, बारा ते पाच. कौलारू, बैठी, मध्ये अंगण आणि अंगणात गुलमोहर. वर्गात डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांची मुले होती, सातारा-सांगलीकडचे हेल घेऊन आलेली; खाडीकाठच्या कोळीवाड्यातली होती; म्हशींच्या तबेल्यावरची हिंदी बोलणारी, दगडखाणीवरची तेलुगू बोलणारी, टायरच्या दुकानांमागच्या वस्तीतली मुसलमान घरांतली होती. सगळी मराठीतून शिकत. प्रार्थनेला उभी राहिली की एकाच शब्दाचे चार-पाच उच्चार एकदम उठत आणि शेवटच्या ओळीपर्यंत एकमेकांना गाठू पाहत. पहिल्या दिवशी मुलीला सोडायला गेले तेव्हा मी फाटकाशी उभी राहून ते ऐकले. सुकटीचा, पेंडीचा, खोबरेल तेलाचा, ओल्या पाटीचा असा एक मिसळलेला वास वर्गाच्या खिडकीतून बाहेर येत होता. घरी आल्यावर भांडी घासतानासुद्धा तो माझ्या श्वासात होता.

शिक्षक कमी होते. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत, त्या एका रविवारी आमच्या घरी आल्या. मामंजींना वाकून नमस्कार करून म्हणाल्या, “गुरुजी, मदतीला मुलांच्या आया हव्या आहेत. पगार नाही, काही नाही. सूनबाईंचं अक्षर फार सुरेख आहे म्हणतात.” मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. चौकटीचा लाकडी कोपरा तळहातात रुतत होता.  मामंजींनी ‘कशासाठी’ विचारले नाही. शाळेला ते ‘कशासाठी’ विचारूच शकत नव्हते.

“सोमवार, बुधवार, शुक्रवार,” ते म्हणाले. “एक ते तीन.”

आठवड्यातले सहा तास. एवढेच माझे होते, आणि ते जाऊ नयेत म्हणून घरातली बाकीची प्रत्येक गोष्ट मी घड्याळाबरहुकूम करत असे.

आम्ही तिघी होतो. कोळीवाड्यातली एक, वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. सकाळचा बाजार आटोपून, आंघोळ करून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून यायची. तिच्या हाताला लिंबाचा आणि लिंबाखाली मासळीचा वास असे. दुसरी तबेल्यावरची, बावीस-तेवीस वर्षांची, तीन मुलांची आई. कामे साधी होती. मुलांची नखे कापायची, डोक्यातल्या उवा काढायच्या, चार दिवस न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन चौकशी करायची, बाई रजेवर असल्या की वर्ग शांत ठेवायचा. फळ्यावरच्या सूचना लिहिणे हे माझे काम. आम्ही व्हरांड्यात बसत असू, मांडीत एकेक डोके घेऊन, आणि बोलत असू. खरे तर त्या बोलत आणि मी ऐके. कोळीण नवऱ्याची, सासूची, वल्ह्यांची, इन्स्पेक्टरांची, सगळ्यांची नक्कल करी. तबेल्यावरची पहिल्या महिन्यात घुंगटातून हसे. पुढे घुंगट खांद्यावर पडला आणि तिचे पुढचे दोन दात दिसू लागले, जरासे एकमेकांवर चढलेले.

“तू कय बोलत नाय गो,” कोळीण मला म्हणायची. “घरान तोंड ठेवून येतंस काय?”

“तोंड आणलंय,” मी एकदा म्हणाले, “किल्ली विसरले.”

ती इतकी हसली की तिच्या मांडीतली पोर दचकून उठली.

येताना मी तळ्याच्या कडेने येत असे. सरळ रस्त्याला आठ मिनिटे लागत, तळ्याकडून अठरा. ती दहा मिनिटे मी चोरलेली होती. पाण्यावर शेवाळाची साय असे, पायऱ्यांवर धुण्याचा साबण वाळून पांढरा झालेला असे, आणि मी काहीही न करता चालत असे. मनात एखादी ओळ येई. घरी पोचेपर्यंत ती टिके. जिना चढताना विरे.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. मोठ्या बाईंना पालकसभा घ्यायची होती. त्या घाईघाईने व्हरांड्यात आल्या. “तिसरी आणि चौथीच्या फळ्यावर सूचना लिहा हो. थोडक्यात लिहा. फळ्यावर गणितं आहेत, ती पुसू नका.” मी खडू घेतला. कोपऱ्यात वीतभर जागा होती. त्या जागेत मावेल असे, जमेल तितक्या वळणदार अक्षरात मी लिहिले : ‘उद्या दुपारी दोन वाजता प्रत्येकाने पालक आणणे.’

मुलांनी वहीत उतरवून घेतले. मी हात झटकले, खडूची धूळ पदराला पुसली आणि तळ्याकडून घरी आले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मामंजींना मूतखड्याचा त्रास होता. वैद्यांनी पालक आणि टोमॅटो वर्ज्य सांगितले होते, आणि मामंजींना जे वर्ज्य ते घरात येत नसे. त्यामुळे सात-आठ वर्षांत मी पालकाची भाजी निवडली नव्हती, चिरली नव्हती, खाल्ली नव्हती. बाजारात जात असते तर ओल्या गोणपाटावर रचलेल्या त्या जुड्या कुठेतरी डोळ्यांत राहिल्या असत्या. मी जात नव्हते. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या, श्लेषाची व्याख्या तीन ग्रंथांतून पाठ केलेल्या मला, त्या शब्दाचा एकच अर्थ शिल्लक राहिला होता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. माझा वार नव्हता. पण सभा म्हणून मोठ्या बाईंनी खास बोलावले आणि मामंजींनी मान हलवली. दोनला पाच मिनिटे कमी असताना मी चौथीच्या दारात पोचले. आधी वास आला : ओल्या मातीचा, चुरगळलेल्या पानांचा. मग दिसले. बाकांवर, दप्तरांवर, मांड्यांवर, सगळीकडे पालकाच्या जुड्या. काही केळीच्या सोपट्याने बांधलेल्या, काही सुतळीने. खाणीवरच्या एका मुलाने ओढ्याकाठच्या मळ्यातून मुळांसकट उपटून आणला होता. त्याच्या पायांशी चिखलाचे लहानसे तळे झाले होते. त्याने जुडी माझ्यापुढे धरली. “बाई, दोन वाजले.”

मागच्या बाजूला काही आईबाप उभे होते, ज्यांना बरोबर कळले होते. आणि ते आपण काही आणले नाही म्हणून ओशाळले होते.

तेवढ्यात तबेल्यावरची आली. डोक्यावर गोणपाटात बांधलेले गाठोडे. तिने ते धपकन खाली ठेवले आणि घाम पुसत म्हणाली, “दीदी, हमरे तबेले के पीछे तो बहुत होता है. सबके लिए ले आये. कम तो नहीं पड़ेगा?”

तिच्यामागून कोळीण. तिचे हात रिकामे, कमरेवर. “अगो बाय! पोरीनं सांगितलं, शालेन पालक पायजे. मी म्हटलं, कसला सायेब येतो हा? मासली नको, पाला पायजे? मग इथं येऊन वाचलं. फल्यावर तू लिवलंस ना गो ते?”

मी फळ्याकडे पाहिले. माझे अक्षर फारच सुरेख दिसत होते.

मोठ्या बाई आल्या. त्यांनी वर्गभर नजर फिरवली, चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी चष्मा काढला आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “अहो, एम.ए. ना तुम्ही!” आणि मग मीही हसू लागले. पोटात कळ येईपर्यंत, भिंतीला टेकून, तोंडावर हात न ठेवता. माझी मुलगी दुसरीच्या वर्गाच्या खिडकीच्या गजांना धरून माझ्याकडे बघत होती. तिने मला असे कधी पाहिले नव्हते.

शिपायाच्या खोलीतला स्टो आला. झेंडावंदनाच्या चहाचे मोठे पातेले आले. कोळणीने शेजारच्या चाळीतून लसूण, मिरच्या आणि वाटीभर तेल मागून आणले. आम्ही व्हरांड्यात ओळीने बसून पालक निवडला, हौदावर तीन पाण्यांनी धुतला, चिरला. फोडणीत लसूण पडला तेव्हा चौथीचा वर्ग एका सुरात ‘आऽऽ’ म्हणाला. डब्यांच्या झाकणांत भाजी वाढली गेली. खाणीवरच्या बायकांनी आपल्या फडक्यातल्या भाकऱ्या सोडल्या. सभा जेवता जेवता झाली. एरवी पालकसभेत मोठ्या बाई बोलत आणि माणसे जमिनीकडे बघत. त्या दिवशी खाणीवरची एक आई, जिचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता, बोटे चाटत मोडक्या हिंदीत म्हणाली, “मेरा लड़का हमेशा पीछे कायको बैठता?”  दुसऱ्या दिवसापासून तो पुढे बसू लागला.

त्या दिवशी मी तळ्याकडून आले नाही. मला गरज वाटली नाही.

आणि मी चूक केली; फळ्यावर नव्हे, घरी. मी ते हसू जिना चढून घरात घेऊन आले. रात्रीच्या जेवणाला चौघे बसलो होतो. मी मुलीच्या डब्यातून आणलेली वाटीभर भाजी नवऱ्याच्या पानात वाढली आणि सगळी हकीकत सांगितली, कोळणीच्या आवाजासह. नवरा हसला. मुलगी तर परत परत ‘बाई, दोन वाजले’ म्हणत होती. मामंजींनी घास खाली ठेवला.

“वाक्य नेमकं काय होतं?”

मी सांगितले.

“पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटले. दुसऱ्यांदा म्हणताना ते गमतीचे राहिले नव्हते.

“‘आणणे’ हा नुसता धातुसाधित शब्द आहे,” मामंजी शांतपणे म्हणाले. “तो हुकूमही नव्हे आणि विनंतीही नव्हे. ‘आपल्या पालकांना सोबत घेऊन यावे.’ शब्द पाच, अर्थ एक. श्लेष कवितेत शोभतो, सूनबाई. सूचनेत तो अपघात असतो. खाणीवरच्या बाईनं रोज बुडवून भाजी आणली असेल, याचा विचार केलास?”

केला नव्हता. ते खरे होते.

“तुझा दोष नाही,” ते पुढे म्हणाले. “सूचना कशी लिहावी हे विद्यापीठात शिकवत नाहीत. मला इतके दिवस सुचायला हवं होतं. सोमवारपासून मी येतो.”

मी नवऱ्याकडे पाहिले. तो भाकरी मोडत होता. “बरंच झालं की,” तो म्हणाला. “बाबांचा वेळ जाईल. तुलाही सोबत होईल.”

भाजी पानात निवत गेली. तिच्यावरच्या तेलाचा तवंग पांढरट झाला.

सोमवारी पाऊण वाजता मामंजी तयार होते. इस्त्रीचे धोतर, काळी टोपी, छत्री. ते पुढे, मी चार पावले मागे. सरळ रस्ता, आठ मिनिटे. मोठ्या बाई फाटकापर्यंत सामोऱ्या आल्या. “गुरुजी, आपले पाय शाळेला लागले!” व्हरांड्यात एक टेबल मांडले गेले. त्या जागी आम्ही बसत असू, म्हणून आम्ही गुलमोहराखाली सरकलो.

मी त्यांच्यावर अन्याय करणार नाही. महिन्याभरात चौथीची जी मुले अक्षर अक्षर चाचपडत होती, ती वाक्ये वाचू लागली. खाणीवरच्या त्या मुलाला त्यांनी पाढे असे शिकवले की तो पाणी पितानाही पुटपुटे. मुले त्यांच्या टेबलाभोवती मुंग्यांसारखी जमत. घरी त्यांचा खोकला कमी झाला. वर्तमानपत्रातले गोल कमी झाले. आता त्यांच्याजवळ वह्या होत्या. ते तिथे सुखी होते, आणि त्यांचे सुख मी उघड्या डोळ्यांनी पाहत होते.

फक्त तबेल्यावरचीचा घुंगट परत खाली आला. वडीलधारा माणूस समोर; ती हसली तर नुसता कपडा हले. कोळीण चार दिवस नेहमीसारखी बोलत राहिली. पाचव्या दिवशी ती कुणाची तरी गोष्ट सांगत असताना टेबलाकडून आवाज आला, रागाचा अजिबात नव्हे, “बाई, ‘पानी’ नव्हे. पाणी. णकार बाणातला. मुलं ऐकत असतात.” ती थांबली. “बरं गुरुजी,” म्हणाली. तिने ती गोष्ट पुरी केली नाही. त्यानंतर ती येई, डोकी विंचरी, आणि तीन वाजायच्या आधीच टोपली उचले. सूचना मामंजी सांगत आणि मी लिही. फळ्यावरची माझी अक्षरे आधीपेक्षाही वळणदार होत गेली, कारण हातांना दुसरे काही करायला नव्हते.

फेब्रुवारीत एकदा मी धीर केला. घरी येताना, डेपोच्या भिंतीजवळ, म्हणाले, “मामंजी, ऊन वाढायला लागलं. तुम्हाला दगदग होते. एखादा वार मी एकटी जात जाईन.”

ते थांबले, वळले. त्यांच्या डोळ्यांत खरेखुरे आश्चर्य होते. “जा की. मी तुला कधी अडवलंय का?”

नाही. त्यांनी कधीच अडवले नव्हते. पुढल्या बुधवारी पाऊण वाजता ते छत्री घेऊन दारात उभे होते. माझी वाट पाहत.

रागवायला समोर कोणी तरी लागते. मी दुपारभर शोधत असे. मुले वाचायला शिकत होती. मुलीला आजोबांचा अभिमान होता. नवरा माझ्या सोबतीच्या काळजीतून मोकळा झाला होता. माझे सहा तास कोणी हिसकावून घेतले नव्हते. ते होते तिथेच होते, सोमवार, बुधवार, शुक्रवार, एक ते तीन; फक्त घर आता तिथपर्यंत पोचले होते. एखाद्या दुपारी तर वाटे की नेहमीच्या दोन खोल्याच बऱ्या. तिथे निदान कोणी मला हसताना पाहिलेले नव्हते.

मार्चच्या अखेरीस मामंजींची कंबर धरली. वैद्यांनी आठ दिवस झोपून राहायला सांगितले. शुक्रवारी मी त्यांना पेज दिली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि दाराशी थबकले. ते म्हणाले, “जा. वेळ चुकवू नकोस. आणि सातचा पाढा विचार त्या मुलाला.”

मी जवळजवळ धावत गेले. तळ्याकडून गेले, जातानाच. येण्याची वाट पाहण्याइतका धीर नव्हता. पाणी खाली गेले होते, पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, तापल्या चिखलाचा वास होता. मला श्वास लागला होता आणि मी गुणगुणत होते.

गुलमोहराखाली त्या दोघी होत्या. माझी चाहूल लागताच दोघींनी वर पाहिले, आणि आधी माझ्याकडे नव्हे, माझ्या मागे.

“आज एकटीच,” मी म्हणाले.

 कोळणीने टोपली बाजूला सारली, पाय पसरले. “ये. बस.” तबेल्यावरचीने हळूच घुंगट मागे सारला. दात दिसले. मी एक लहानगी ओढून मांडीत घेतली, तिच्या केसांत फणी घातली. केसांना उन्हाचा आणि तेलाचा वास होता. व्हरांड्यातले टेबल रिकामे होते. आत चौथीचा वर्ग आपापसात पाढे म्हणत होता. सगळे परत आले होते. मला ते हातांना जाणवत होते.

कोळीण सांगू लागली. तिच्या आळीतल्या एका बाईची गोष्ट होती, जिने मुलीला शाळेतून काढून जाळी विणायला बसवले होते. तिने त्या बाईचा आवाज काढला, मग तिच्या नवऱ्याचा. तबेल्यावरची पदर तोंडात कोंबून हसत होती. मीही हसत होते. “मी तिचे घरान गेली,” कोळीण हातवारे करत म्हणाली, “म्हटलं, तुजी पोर शालेन का येत नाय गो? तर ती मना म्हनते...”

“शाळेत,” मी म्हणाले.

मला ते ऐकू आले तेव्हा ते बोलून झाले होते. आवाज रागाचा नव्हता. अजिबात नव्हता.

कोळणीचा हात हवेत होता तसा राहिला, मग मांडीवर आला.  गुलमोहराची एक शेंग पडली. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडले आणि जे म्हणायचे होते ते वाक्य आधी मनात शुद्ध करू लागले. त्या वेळात तबेल्यावरचीने माझ्याकडे पाहिले, आणि सवयीने, मान किंचित झुकवून, घुंगट हनुवटीपर्यंत खाली ओढला.